मुंबईतील गर्द : प्रस्तावना

गर्द म्हणजे हेरॉइनचे अशुद्ध, तपकिरी रूप. इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याला ‘ब्राऊन शुगर’ म्हटले, दिल्लीकडे तो ‘स्मॅक’ झाला आणि मुंबईने त्याला ‘गर्द’ हे नाव दिले. गर्द झाडी, गर्द हिरवा रंग अशा दाटपणाच्या अर्थाने हा शब्द मराठीत आधीपासून रुळलेला होता. या पदार्थाचे नाव मात्र फारसीत धूळ किंवा भुकटी असा अर्थ असलेल्या शब्दावरून पडले. १९८० च्या दशकाच्या आरंभी ही भुकटी मुंबईच्या गल्ल्यांत विकली जाऊ लागली आणि दशक संपायच्या आत ‘गर्दुल्ला’ हा नवा शब्द मराठीत घट्ट बसला. आज रस्त्यावर नशा करणाऱ्या कोणालाही, त्याने काहीही घेतलेले असो, हाच शब्द लावला जातो. एका पदार्थाने भाषेत कायमची जागा मिळवली, यावरूनच त्याने शहराला किती खोल जखम केली हे कळते.

गर्दचे मूळ अफूत आहे. खसखशीच्या हिरव्या बोंडाला चिरा पाडल्या की जो चीक पाझरतो, तो वाळला की अफू तयार होते. अफूत मॉर्फिन असते. मॉर्फिनवर रासायनिक प्रक्रिया केली की हेरॉइन मिळते. लंडनमध्ये सी. आर. ऑल्डर राइट या रसायनशास्त्रज्ञाने १८७४ मध्ये ते पहिल्यांदा बनवले आणि १८९८ पासून जर्मनीच्या बायर कंपनीने ते खोकल्याचे औषध म्हणून विकले. शुद्ध पांढरे हेरॉइन पाण्यात विरघळते. तपकिरी गर्द पाण्यात सहज विरघळत नाही, पण उष्णता लागली की त्याची वाफ होते. या एका गुणामुळे मुंबईत गर्द आधी ओढला गेला आणि सुई पुष्कळ नंतर आली. अफूच्या मानाने हेरॉइनचे आकारमान फार कमी, त्यामुळे ते लपवायला आणि वाहून न्यायला सोपे. व्यापाऱ्याला ते परवडण्याचे मोठे कारण हेच होते.

मुंबईचा अफूशी संबंध गर्दपेक्षा दीडशे वर्षांनी जुना आहे आणि त्याची एक वाट दमणवरून जाते. ईस्ट इंडिया कंपनीने बंगालच्या अफूवर मक्तेदारी बसवली होती. माळव्याची अफू मात्र संस्थानांच्या मुलखात पिकत होती आणि तिच्यावर कंपनीचा ताबा नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कंपनीने मुंबई बंदरातून या अफूची निर्यात बंद केली, तेव्हा व्यापाऱ्यांनी पोर्तुगिजांचे दमण गाठले. माळव्यातून निघालेला माल मारवाडातल्या पाली आणि जैसलमेरच्या वाटेने कराचीला जाई आणि तिथून गलबतांनी दमणला उतरे. दमणहून तो चीनकडे रवाना होई. गोव्याचे रोजेरिओ द फारिया, मुंबईचे जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद ही या व्यापारातली मोठी नावे होत. सह्याद्रीत उगम पावून सिल्वासाजवळून वाहत जाणारी दमणगंगा ज्या बंदराशी समुद्राला मिळते, तेच हे बंदर. नगर हवेली आणि दादरा हे तेव्हा पोर्तुगिजांच्या दमण जिल्ह्याचेच आतले परगणे होते.

बंदीने हा व्यापार थांबला नाही, फक्त बंदर बदलले. हे ओळखून कंपनीने १८३० च्या सुमारास धोरण फिरवले आणि ठरावीक जकात भरणाऱ्याला माळव्याची अफू थेट मुंबईत आणण्याचा परवाना दिला. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला, कराचीची वाट बंद झाली आणि दमणचा व्यापार बसला. त्यानंतर सारा माल मुंबईकडे आला. शहराच्या गोद्या, पेढ्या आणि दानधर्माच्या संस्था ज्या संपत्तीतून उभ्या राहिल्या, तिच्यात अफूचा वाटा मोठा होता. जमशेटजींच्या देणगीतून उभे राहिलेले जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झाले. पुढे १४० वर्षांनी गर्दची ज्या वस्त्यांत सर्वाधिक चर्चा झाली, त्या डोंगरी, नागपाडा आणि कामाठीपुरा या रुग्णालयापासून हाकेच्या अंतरावर आहेत.

अफूचा सगळाच माल जहाजावर चढत नव्हता. काही शहरात राहत होता आणि घराघरांत पोचत होता. गिरणगावातल्या कामगार बायका तान्ह्या मुलांना अफूची बारीक गोळी देत, याची नोंद १९२० च्या दशकातल्या सरकारी चौकशीत झालेली आहे. आई पहाटे गिरणीत जाई आणि मूल खोलीत एखाद्या म्हातारीच्या किंवा थोरल्या बहिणीच्या हवाली असे. मोहरीएवढी गोळी दुधात किंवा मधात उगाळून चाटवली की मूल दिवसभर झोपून राही. रडत नसे, पण दूधही मागत नसे. या आईला मुलाचे वाईट करायचे नव्हते. पाळणाघर नव्हते, बाळंतपणाची रजा नव्हती आणि कामाची पाळी चुकली की मजुरी बुडत होती. नशेच्या पदार्थाने गरजेच्या फटीत कशी जागा केली, याचे मुंबईतले हे एक जुने आणि सर्वांत करुण उदाहरण आहे.

मोठ्यांसाठी चंडूखाने होते. चंडू म्हणजे ओढण्यासाठी शिजवून तयार केलेली अफू. अंधाऱ्या खोलीत चटईवर आडवे पडून, दिव्याच्या ज्योतीवर लांब नळी धरून ती ओढली जाई. १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने अफूच्या चौकशीसाठी शाही आयोग नेमला. १८९५ च्या अहवालात आयोगाने बंदीची शिफारस केली नाही आणि विक्रीतून मिळणारा महसूल चालू राहिला. १९३६ मध्ये मुंबई इलाख्यात अफू ओढण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, औषधापलीकडचा अफूचा वापर १० वर्षांत बंद करण्याचे देशाने ठरवले आणि १९५९ पासून नोंदणीकृत व्यसनी सोडून बाकीच्यांना अफूची विक्री थांबली. तरी कामाठीपुऱ्याजवळच्या शुक्लाजी स्ट्रीटवर चंडूखाने १९७० च्या दशकातही चोरून चालत होते. गिऱ्हाईक म्हातारे होत चालले होते आणि ही नशा त्यांच्याबरोबर संपेल, असे वाटण्यासारखी स्थिती होती.

ती संपली नाही, याची कारणे मुंबईच्या बाहेर होती. १९७९ या एका वर्षात तीन घटना घडल्या. फेब्रुवारीत पाकिस्तानात झिया-उल-हक यांच्या राजवटीने अफूसह सर्व मादक पदार्थांवर धार्मिक कायद्याखाली बंदी आणली. त्याच सुमारास इराणात क्रांती झाली आणि जुने मार्ग विस्कटले. डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. पाकिस्तानात त्या वर्षी खसखशीचे अमाप पीक आले होते आणि ते विकायला उघडा बाजार राहिला नव्हता. सरहद्दीच्या टोळीवाल्या मुलखात या अफूचे हेरॉइन करणारे छोटे कारखाने उभे राहिले. युरोपकडे जाणारा काही माल भारतातून वळवला जाऊ लागला. मुंबईचे बंदर, विमानतळ आणि सोन्याच्या चोरट्या व्यापारात तयार झालेली माणसे या मालाला आयती मिळाली. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने पिकणाऱ्या अफूतूनही काही भाग चोरून बाहेर पडत होता. ज्या शहरातून माल जातो, तिथे त्यातला थोडा सांडतो. मुंबईत सांडलेल्या त्या थोड्याशा मालावर एक पिढी गेली.

शहराची स्थितीही त्याला अनुकूल होती. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि अनेकांचे काम कायमचे गेले. संपामुळे गर्द आला, असे म्हणणे चुकीचे ठरेल. श्रीमंत वस्त्यांतली महाविद्यालयीन मुलेही त्याच काळात गर्दकडे वळली होती. पण ज्या घरात बापाची नोकरी गेली होती आणि थोरला मुलगा कामाविना नाक्यावर उभा होता, त्या घराकडे या संकटाशी लढायला पैसा उरला नव्हता आणि बळही.

नाक्यावरचा व्यवहार छोटा आणि झटपट असे. कागदाची चपटी घडी केलेली पुडी काडीपेटीत किंवा मोज्यात लपवून आणली जाई. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद म्हणजे ‘पन्नी’. पन्नीवर चिमूटभर भुकटी टाकून खालून काडी धरली की ती वितळून काळसर थेंब घसरत जाई आणि त्याच्या मागे उठणारा धूर नळीने ओढला जाई. याला ‘चेसिंग’ म्हणत. सुई लागत नव्हती, रक्त दिसत नव्हते आणि दारूसारखा वास येत नव्हता. म्हणून घरच्यांना कित्येक महिने काही कळत नसे. मुलगा सिगारेट ओढतो एवढेच त्यांना वाटे. पहिल्या पुड्या मित्राने फुकट दिलेल्या असत. पुढे तोच मित्र स्वतःची नशा भागवण्यासाठी चार जणांना पुडी विकणारा होई. विक्रेता आणि रोगी एकाच माणसात राहू लागले आणि कायद्याला ही गुंतागुंत सोडवायला फार वर्षे लागली.

गर्दचे व्यसन लागायला फार दिवस लागत नाहीत. शरीराला सवय झाली की मजेचा भाग मागे पडतो आणि त्रास टाळण्यासाठी घ्यावे लागते. या त्रासाला मुंबई-पुण्याच्या व्यसनी मुलांनी ‘टर्की’ हे नाव दिले. शेवटच्या पुडीनंतर ८ ते १२ तासांत जांभया सुरू होतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, अंगावर काटा येतो. मग पोटात कळा, जुलाब, पायांत पेटके. झोप येत नाही आणि कोणत्याही कुशीवर चैन पडत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास टोकाला जातो आणि आठवड्याभरात शरीर बरेचसे सावरते. ‘टर्की’ने माणूस सहसा मरत नाही, पण आपण मरणार अशी त्याची खात्री होते. त्या भीतीपोटी तो आईचे मंगळसूत्र विकतो, भांडी मोडीत घालतो, शेजाऱ्याची सायकल पळवतो. खरा जीवघेणा धोका नंतर येतो. काही आठवडे किंवा महिने नशा सुटली की शरीराची सहनशक्ती उतरते. तुरुंगातून किंवा उपचारातून बाहेर आलेला माणूस जुन्याच मात्रेने पुन्हा घेतो, तेव्हा श्वास मंदावून त्याचा मृत्यू होऊ शकतो. घरच्यांना ‘आता सुटला’ असे वाटत असते, त्याच दिवसांत हे घडते.

सरकारचे उत्तर १९८५ मध्ये आले. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने भारताला जुन्या सवयींचे पदार्थ बंद करायला जी मुदत दिली होती, ती संपत आली होती आणि गर्दची बातमी रोज वर्तमानपत्रात येत होती. त्या वर्षी संसदेने अंमली औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, म्हणजे एनडीपीएस कायदा, मंजूर केला आणि १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो लागू झाला. पुढच्या वर्षी नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो स्थापन झाला. कायदा कडक होता. अफू, चरस आणि हेरॉइन यांच्या गुन्ह्यांना किमान १० वर्षांची एकच शिक्षा ठेवली गेली. शिक्षा सारखीच असेल तर जो पदार्थ खिशात मावतो आणि जास्त पैसे देतो तो विकणे शहाणपणाचे, असा हिशेब यातून निघाला. चंडूखाने मिटले, गर्द राहिला. सहज गाठला जाणारा सर्वांत खालचा दुवा, म्हणजे दोन पुड्या बाळगणारा व्यसनी मुलगा, वर्षानुवर्षे कच्च्या कैदेत राहिला.

गर्दच्या या इतिहासाची दुसरी बाजू उपचाराची आहे आणि ती कायद्याच्या आधी सुरू होते. १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी वांद्र्यात कृपा फाउंडेशनचे काम सुरू केले. आरंभी ते दारूच्या व्यसनाचे होते, पुढे गर्दचे रोगीही तिथे येऊ लागले. मराठी समाजाला या विषयाची खरी जाणीव झाली ती अनिल अवचट यांच्या लेखनाने. व्यसनी मुले, त्यांच्या आया, पोलीस, विक्रेते यांच्यात वावरून त्यांनी जे पाहिले ते ‘गर्द’ या पुस्तकात मांडले. गर्दुल्ला म्हणजे बिघडलेला मुलगा, या समजुतीला त्या लेखनाने धक्का दिला. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याची धुरा डॉ. अनिता (सुनंदा) अवचट यांनी वाहिली. १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर मुक्तांगणची पद्धत पक्की झाली होती. आधी ‘टर्की’ उतरवायची, मग काही आठवडे निवासी उपचार. सकाळी व्यायाम, स्वतःच्या हाताने झाडलोट, गटात बसून मोकळेपणी बोलणे, आणि जे स्वतः व्यसनातून बाहेर आले त्यांनी नव्यांना हात देणे. पत्नींसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट निघाला, कारण घर आजारी असेल तर एकट्या माणसाला बरे करून उपयोग नाही, हे तिथे अनुभवाने कळले होते.

१९९० च्या दशकात मुंबईतल्या गर्दने वळण घेतले. पोलिसांच्या कारवाईने माल दुर्मीळ आणि महाग झाला की ओढणारे सुईकडे वळू लागले. थोड्या मालात भागते म्हणून काहींनी गर्दच टोचून घेतला. काहींनी औषधाच्या दुकानातून मिळणारी ब्युप्रेनॉर्फिन या वेदनाशामकाची इंजेक्शने वापरली. एकच सुई तिघांत फिरू लागली आणि त्याच वर्षांत शहरात एचआयव्ही पसरत होता. ओढणाऱ्याला गर्दने फुप्फुसे आणि घर गमवायला लावले होते, टोचणाऱ्याला रक्तातला विषाणू मिळाला. संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टसारख्या संस्थांनी रस्त्यावर जाऊन या माणसांच्या जखमा धुतल्या, त्यांना स्वच्छ सुया दिल्या आणि पुढे जिभेखाली ठेवायच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीचा पर्यायी उपचार सुरू केला. जे औषध चोरून टोचले जात होते, तेच डॉक्टरच्या देखरेखीखाली, ठरल्या वेळी, गोळीच्या रूपात दिले की माणूस ‘टर्की’च्या भीतीतून सुटतो आणि कामावर जाऊ शकतो. पुढे राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमानेही हा उपचार स्वीकारला.

कायदाही हळूहळू बदलला. २००१ च्या दुरुस्तीने पदार्थाच्या वजनानुसार शिक्षेच्या पायऱ्या ठरल्या. हेरॉइनसाठी ५ ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण आणि २५० ग्रॅमपेक्षा अधिक असेल तर व्यापारी प्रमाण धरले जाते. कलम ६४-अ नुसार, अल्प प्रमाणासाठी पकडलेला व्यसनी स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल आणि ते पूर्ण करत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. ही तरतूद किती कुटुंबांना ठाऊक असते, यावर तिचा उपयोग अवलंबून आहे.

गर्द आजही संपलेला नाही. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या सुमारे २.१ टक्के लोकांनी अफूजन्य पदार्थ घेतल्याचे आढळले आणि त्यात हेरॉइनचा वाटा अफूपेक्षा जास्त निघाला. मुंबईच्या नाक्यावर मात्र आता वेगळे नाव ऐकू येते. २०१४ च्या सुमारास मेफेड्रोन, म्हणजे ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’, तरुणांत पसरला. तेव्हा तो एनडीपीएस कायद्याच्या यादीतच नव्हता, फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याचा समावेश झाला. मेफेड्रोन अफूच्या कुळातला नाही. तो शांत करत नाही, उत्तेजित करतो. त्याला शेत लागत नाही, सरहद्द लागत नाही. रसायने आणि एखादे बंद पडलेले युनिट पुरते. २०२२ मध्ये मुंबई पोलिसांचा तपास अंकलेश्वरच्या कारखान्यापर्यंत पोचला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत मोठा साठा पकडला.

यामुळे हा इतिहास मुंबईपुरता उरत नाही. मुंबईपासून वापी, सिल्वासा, अंकलेश्वरपर्यंत रसायन आणि औषध उद्योगाची एक सलग पट्टी आहे. १९८० च्या दशकापासून करसवलतींमुळे दादरा-नगर हवेलीत कारखाने वाढले आणि देशभरातून तरुण कामगार आले. घर दूर, खोलीत चार-पाच जण, रात्रपाळी, हातात थोडा पैसा आणि सुटीच्या दिवशी बोलायला कोणी नाही, ही गिरणगावाने पाहिलेलीच स्थिती आहे. अशा वस्त्यांना गर्दच्या मुंबईतल्या चाळीस वर्षांतून तीन गोष्टी शिकता येतात. पुरवठा तोडणे आवश्यक असते, पण उपचाराची सोय नसेल तर व्यसनी माणूस दुसऱ्या आणि बहुधा अधिक घातक पदार्थाकडे जातो : चंडूकडून गर्दकडे, पन्नीकडून सुईकडे. घरच्यांना कळायला जितका उशीर, तितका उपचार कठीण. आणि बरा झालेला माणूस पुन्हा घसरला, तर तो उपचाराचा शेवट धरू नये. दमा किंवा मधुमेहाप्रमाणे हा आजार परत डोके वर काढतो आणि पुन्हा आटोक्यात येतो.

१९८५ मध्ये मुलगा गर्द ओढतो हे कळलेल्या आईला कुठे जायचे, हे सांगणारे फार कमी लोक होते. बहुतेकांनी मुलाला खोलीत कोंडले, मांत्रिकाकडे नेले किंवा गावी पाठवले. आज व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक आहे, सरकारी रुग्णालयांत मनोविकार विभाग आहेत, व्यसनातून बाहेर आलेली आणि दुसऱ्याला हात द्यायला तयार असलेली हजारो माणसे आहेत. ही सोय आपोआप झालेली नाही. गर्दने ज्यांची मुले नेली त्या घरांनी, ज्यांनी त्यांच्याबद्दल लिहिले त्या लेखकांनी आणि ज्यांनी त्यांना जवळ बसवले त्या डॉक्टरांनी आणि कार्यकर्त्यांनी ती उभी केली आहे.